पांदणीची पाठ

पावसावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. ज्यांनी लिहायचं त्यांनी ते लिहून ठेवलं आहे, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात बसून त्यातलं थोडंफार मी वाचलंही आहे. आमच्या घरात आजवर लिहिणं म्हणजे कुणी बोट ठेवून दाखवेल तिथं केलेली सही, नाहीतर झेंडूच्या कॅरेटवर खडूनं घातलेलं नाव. त्यामुळे कोरा कागद समोर घेतला की दुसऱ्याच्या वावरात न विचारता पाय टाकल्यासारखं वाटतं. त्यातून माझा विषय म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं एक लोखंडी पातं. त्याला कुणी ललित म्हणेल का, मला ठाऊक नाही. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण इथं अमरावतीत झड लागली आहे, आणि झड लागली की मला दुसरं काही सुचत नाही.

झडीचा पाऊस कोसळत नाही आणि थांबतही नाही. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, वह्यांची पानं मऊ पडतात, खोलीतल्या भिंतीला ओल्या गोणपाटाचा वास येतो. माझ्या खिडकीतून समोरचा सिमेंटचा रस्ता दिसतो. पूर्वी मी त्यावरून जाणारी माणसं बघायचो. आता रस्ताच बघतो. तो मधोमध किंचित उंच आहे आणि दोन्ही कडांना उतरता. पडणारं पाणी त्याच्या मध्यावर भांग पाडल्यासारखं दुभंगतं आणि दोन बाजूंच्या नाल्यांत निघून जातं. एवढीशी उंची. रोज हजारो चाकं तिच्यावरून जातात आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही.

परवा खोलीतला मित्र म्हणाला, "काय पाहून राहिला बे एवढं?"

"रस्ता."

"कोण चालली?"

"कोणी नाही. पाणी चाललं."

तो मान हलवून पुन्हा पुस्तकात गेला. त्याला काय सांगणार होतो? सांगायचं तर आत्यापासून सांगावं लागलं असतं, आणि आत्यापासून सांगायचं तर आमच्या पांदणीपासून.

आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. आम्ही फुलं-भाजीवाले, फुलांजवळ राहावं लागतं. पातूरहून अकोल्याकडे येणाऱ्या रस्त्यावर एक फाटा आहे. त्या फाट्यापासून आमच्या मळ्यापर्यंत दोन वावरांच्या मधून जाणारी वाट म्हणजे आमची पांदण. येताना डाव्या हाताला आमचं वावर, उजव्या हाताला शेजारच्या वासुदेवकाकांचं. दोन्हीकडे काळी माती. ही माती कापसाला आई आहे, पण चालणाऱ्याला सावत्र. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चपलेखाली दुसरी चप्पल होऊन येते. म्हणून तिच्यावर मुरूम टाकायचा. टेकडीच्या पोटातून निघालेला तो तांबूस, भरड खडा ट्रॉलीतून येतो, पसरतो, नव्या नवरीसारखा एक उन्हाळा मिरवतो आणि पावसात काळी माती त्याला गिळून टाकते. दर वर्षी असंच. लहानपणी मला वाटायचं, पांदणीखाली कुठंतरी आमच्या सगळ्या वर्षांचा मुरूम साठलेला असेल.

माझ्या आत्याचा एक पाय लहानपणीच्या तापात गेला. ती बाबांची धाकटी बहीण. नाव शांता. कुबडी घेऊन चालते, आणि लांब जायचं तर मागं दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटी चालवते. फाट्यावर एका हॉटेलच्या भिंतीला टेकून तिचं हारांचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर ताडपत्री, खाली फळी आणि फळीवर ओल्या फडक्यात झाकलेली फुलं. सकाळी मळ्यातून फुलं घेऊन निघायचं, पांदणीनं फाट्यावर यायचं, दिवे लागायच्या आत परतायचं. स्कूटीवर ती मान इतकी ताठ ठेवून बसते की बाबा हटकून चिडवतात, "वरातीतला नवरदेवही एवढा ताठ बसत नाही व शांते."

"नवरदेव दुसऱ्याच्या घोड्यावर बसते, दादा," ती म्हणते. "हे घोडं माहं हाय."

मागच्या वर्षीचा उन्हाळा सरताना बाबांनी पांदण दुरुस्त करायला घेतली. ट्रॅक्टरच्या मागं पंजी जोडली. पंजी म्हणजे वावराची माती उकरायची लोखंडी नखं. खाचखळगे मोडायचे तर आधी उकरलं पाहिजे, असा त्यांचा हिशेब. मग त्यावरून जड फळी ओढली, पुन्हा ओढली, आणि पांदण अशी सपाट केली की जणू कांद्याचा वाफा. फाट्यावरची माणसं बघायला आली. कुणी म्हणालं, "पाण्याचा थेंब ठेवला तं घरंगळणार नाही." बाबा त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

तीच तर चूक होती, पण ती कळावी असा आमच्याकडे आधीचा काही अनुभवच नव्हता. आमच्या माणसांना जमीन म्हटली की एकच शिकवण आहे. पाणी पडलं तिथंच मुरलं पाहिजे. जो आपल्या वावरातलं पाणी वाहून जाऊ देतो तो कसला कास्तकार? मग बाबांनी पांदणीलाही वावरासारखंच वागवलं. तिला बिचारीला आपला वाफा केलाय की रस्ता, तेच कळेना. पंजीच्या नखांनी खालची काळी माती वर आलेलीच होती. झड लागली. थेंब खरंच घरंगळला नाही. पहिल्या दिवशी पांदणीवर आभाळ दिसलं, दुसऱ्या दिवशी बेडूक बोलले, आणि त्यानंतर मुरूम कुठं गेला ते कुणाला सांगता आलं नाही.

बाभळीच्या वळणावर आत्याची स्कूटी रुतली, ते मी पाहिलं आहे. सुट्टी असल्यानं मी घरीच होतो. चारही चाकं गाडली गेली होती आणि ती त्यावर तशीच ताठ बसलेली होती. बाबांनी आणि मी तिला उचलून ट्रॉलीत झेंडूच्या कॅरेटांच्या मध्ये बसवलं. तसंच आठवडाभर चाललं. सकाळी उचलायचं, ट्रॉलीत ठेवायचं, फाट्यावर उतरवायचं. एका सकाळी ती ओसरीवरून हललीच नाही.

"उद्यापासून मले नको नेऊ, दादा. मी काय पोतं हाओ, इथून उचललं तिथं ठेवलं?"

पुढं दसऱ्यापर्यंत दुकान बंद राहिलं. आमच्या धंद्याचे तेच तर दिवस. श्रावण, गणपती, महालक्ष्म्या. ती ओसरीवर बसून हार गुंफायची आणि बाबा ते हॉटेलवाल्याकडे विकायला देऊन यायचे. संध्याकाळी ती विचारायची, "मोठा हार कोणी नेला?"

"नेला कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे कोण? बाई की माणूस?"

बाबांना ते सांगता यायचं नाही. फाट्यावर थांबणाऱ्या प्रत्येक बसचा कंडक्टर तिला ओळखतो, कुणाच्या घरी बारसं आणि कुणाच्या घरी तेरवी हे ती हाराच्या मागणीवरून सांगते. तिला ओसरीवर बसवणं म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. दुकान उघडलं तेव्हा हॉटेलवाला म्हणाला, "शांताबाई, रागावू नका. पुढच्या पावसाळ्यात जागा खाली राह्यली तं मले दुसऱ्याले द्या लागन. एक जण मोबाईलच्या कव्हरचं दुकान टाकतो म्हणते." तो वाईट माणूस नव्हता. हे सांगताना तो तिच्यासाठी चहा ओतत होता.

म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं अकोल्याला गेलो. शहराच्या बाहेर अवजारांचं एक मोठं आवार आहे. लाल, निळी, पिवळी अवजारं उन्हात रांगेनं उभी होती. हात लावला तर चटका बसत होता, तरी बाबा प्रत्येकावर हात ठेवून बघत होते. बैलबाजारात दात बघताना ठेवतात तसा. दुकानातला माणूस गळ्यात गमछा टाकून सावलीत उभा होता.

"रस्त्यासाठी पायजे? मंग हा डबा घ्या," तो म्हणाला. एक बाजू उघडी असलेली, खालून धारेची लोखंडी पेटी होती ती. "उंच दिसलं का कापते, पोटात धरते, खड्डा आला का सोडते. रस्ता काच करून देते, काच."

काच म्हणताच बाबांचे डोळे चमकले.

आत्या खुर्चीवर बसून कुबडीच्या टोकानं त्या डब्याला ठोकत होती. "काच तं मांगच्या वर्षीच केली होती यानं," ती म्हणाली. "त्याच काचेत रुतली मी."

दुकानदार हसला आणि आम्हाला दुसऱ्या रांगेत घेऊन गेला. तिथं ते पातं होतं. दिसायला काहीच नाही. ट्रॅक्टरच्या रुंदीचा एक बाकदार पत्रा, मधल्या खांबाला जोडलेला. पण खांबातली पिन काढली की ते पातं फिरायचं. सरळ, डावीकडं तिरपं, उजवीकडं तिरपं. एक बाजू वर, एक बाजू खाली, असंही होत होतं. "हे पोटात काही धरत नाही," तो म्हणाला. "बाजूले लोटते. रस्त्याले हेच पायजे, डबा वावराले ठीक." मग, शिंप्यानं खिसा कोणत्या बाजूला हवा विचारावं इतक्या सहज, त्यानं विचारलं, "सांगा, पाणी कोणीकडं काढायचं? तसं लावून देतो."

बाबा पात्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "घरी इचारून येतो."

आत्या म्हणाली, "घरी कोणाले इचारतं? घरातले तं सारे इथंच हाओत. तुह्यी बायको तं म्हणे, घेतल्याशिवाय येऊच नका."

पण आम्ही रिकाम्या हातानं परतलो. बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत होते. पाणी कोणीकडं काढायचं. इतका साधा प्रश्न, आणि तो आमच्या पांदणीला आजवर कुणी विचारला नव्हता, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच नको होतं.

वासुदेवकाका आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. एका पावसाळ्यात आमच्याकडचं पाणी पांदण ओलांडून त्यांच्या वावरात गेलं आणि त्यांचा सांभार सडला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. काकांचं म्हणणं, धुरा, म्हणजे वावराचा बांध, मुद्दाम फोडला. बाबांचं म्हणणं, उंदरानं पोखरला. पुढच्या पावसात त्यांचं पाणी आमच्या शेवंतीच्या रोपांवर आलं. त्या उंदराचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. तेव्हापासून अबोला. पण एकाच पांदणीनं ये-जा करणाऱ्यांना अबोलाही नीट धरता येत नाही; काहीतरी सांगावंच लागतं. मग काका समोरून बाबा आले की आपल्या बैलाला म्हणायचे, "ढवळ्या, मोटर जळली म्हणा कोणाची तं, वास येऊन राहिला." आणि बाबा मोटर बघायला पळायचे.

आता पातं उजवीकडे तिरपं लावलं तर पाणी काकांच्या वावरात. डावीकडे लावलं तर आमच्या शेवंतीत. मागच्या वर्षी पांदण सपाट झाली ती नुसत्या अडाणीपणानं नव्हे, हे मला त्या बसमध्ये बसून हळूहळू उमगलं. त्यात एक न्याय होता. पाणी कुणाच्याच वाट्याला जाऊ नये म्हणून बाबांनी ते रस्त्याच्या वाट्याला दिलं होतं, आणि रस्त्यानं ते आत्याच्या वाट्याला.

वैशाखात एका दुपारी अवकाळी आली. आधी धुळीची भिंत, मग वारा, मग टपोरे थेंब. मी आत्याच्या दुकानात कॅरेटवर बसलो होतो. बाबा फुलं देऊन निघणारच होते, ते अडकले. तेवढ्यात पातूरकडून आलेल्या जीपमधून वासुदेवकाका उतरले आणि धावत ताडपत्रीखाली आले. आत आल्यावर त्यांना दिसलं की कुणाबरोबर उभं राहायचं आहे. पण बाहेर पाऊस असा होता की अभिमानाला छत्री हवी होती. दोघं दोन बल्ल्यांपाशी, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

थोड्या वेळानं काका रस्त्याकडे बघत म्हणाले, "शांते, कोणीतरी अकोल्याले पातं पाहून आलं म्हणते."

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग गा, पाह्यलं म्हणा. घेतलं नाही."

"काहून नाही घेतलं, इचार."

"पाणी कोणाच्या वावरात सोडू म्हणा? त्याच्या सोडलं तं तो तहसीलात जाईन, माह्या सोडलं तं शेवंती जाईन."

मी काही सांगण्याची गरजच नव्हती. दोघांत दोन हातांचं अंतर होतं. वर ताडपत्रीत पाणी साचून ती गाभण गाईच्या पोटासारखी खाली आली होती. आत्यानं बसल्या जागेवरून कुबडी उचलली आणि तिच्या मधोमध लावून वर रेटली. पाणी दोन्ही बाजूंनी एकदम निसटलं. अर्धं काकांच्या मानेवर, अर्धं बाबांच्या.

"अव बाप्पा!" दोघंही एकाच सुरात ओरडले.

"सारखं आलं का दोघाईले?" आत्यानं विचारलं. "कमी-जास्त झालं असन तं सांगा. अजून हाय वरते."

हॉटेलातली माणसं हसायला लागली. आत्या हसत नव्हती. कुबडी तशीच वर धरून ती म्हणाली, "पांदण अशी करा. मधी उचला. अर्धं पाणी तुह्यं, अर्धं त्याचं. दोघंही आपापल्या धुऱ्यानं नाली खांदा अन् खालच्या नाल्यात सोडा."

"नाली म्हणजे एक तास वावर जाते, शांते," काका म्हणाले. तास म्हणजे पिकाची एक ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"जाते ना. जाईन. माहं तं दुकान जाऊन राहिलं, वासुदेवभाऊ."

काकांनी दुपट्ट्यानं मान पुसली. तो दुपट्टा पिळला, झटकला, खांद्यावर टाकला. "त्या पात्याले ट्रॅक्टर कोणता लागन, इचार," ते म्हणाले.

बाबांचा ट्रॅक्टर लहान आहे, वाफ्यांमधून फिरणारा. बाबा पावसाकडे बघत म्हणाले, "मोठा लागन. म्हणजे याचा."

पातं आणायला दोघं एकाच बसनं गेले आणि वेगवेगळ्या सीटवर बसून गेले. आलं तेव्हा आत्यानं त्याला कुंकू लावलं आणि दुकानातला एक उरलेला हार घातला. आधी दोन्ही धुऱ्यांना नाल्या खोदल्या गेल्या. काकांनी पऱ्हाटीसाठी, म्हणजे कापसासाठी, आखलेल्या रानातला एक तास सोडला. बाबांनी शेवंतीची एक ओळ सोडली, पण रोपं फेकली नाहीत. एकेक उपटून घरामागं नेऊन लावली. काका ट्रॅक्टरवरून ते बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते.

काका ट्रॅक्टरवर, बाबा मागून चालत, आणि दोघांच्या मध्ये मी. बाबा मला सांगणार, मी पळत जाऊन काकांना ओरडून सांगणार. पण मी पोचेपर्यंत पातं पुढं गेलेलं असायचं. सांगितलेलं एक ठिकाण, व्हायचं दुसऱ्याच ठिकाणी. बाभळीच्या वळणावर, जिथं आत्याची स्कूटी रुतली होती तिथंच, पातं खोल शिरलं आणि मुरमाखालची काळी माती दिसायला लागली. बाबा धावले.

"उचला! वासुदेवभाऊ, उचला!"

पातं उचललं गेलं. ट्रॅक्टर थांबला. इंजिन धडधडत राहिलं. इतक्या वर्षांनंतरचा पहिला शब्द तो, आणि तो आता परत घेता येण्यासारखा नव्हता. काका मागं वळले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत म्हणाले, "किती?"

"चार बोटं," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून माझं काम संपलं. मी बाभळीखाली बसून नुसता ऐकत राहिलो. उचला. दाबा. पिन काढा. थोडं डावीकडं. एका कडेनं जाताना पातं मुरूम मध्याकडं लोटायचं, परतताना दुसऱ्या कडेनं तसंच, आणि पात्याखालून भरड दळताना जात्याचा येतो तसा आवाज यायचा. तापलेल्या दगडाचा वास यायचा. मधोमध तांबूस वरंबा उभा राहिला. मग पातं सरळ करून हलक्या हातानं तो पसरला, आणि आमच्या पांदणीला पहिल्यांदा पाठ आली.

आत्या स्कूटीवर बसून आली. जरा पुढं गेली आणि थांबली. "एवढी? पाठ सांगितली तं तुमी वशिंड करून ठेवलं! माही गाडी कलंडते ना बाप्पा."

खरंच होतं. दोन पायांच्या माणसाला आणि चार चाकांच्या ट्रॅक्टरला जी उंची कळत नाही, ती तिच्या जास्तीच्या चाकांना कळत होती. पाणी उतरलं पाहिजे आणि तिची गाडी उतरता कामा नये, या दोहोंच्या मधली उंची हवी होती. काकांनी पुन्हा पातं फिरवलं. ती पुन्हा गेली. "अजून बोटभर." पुन्हा. संध्याकाळी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. मान ताठ. "ठेवा आता अशीच," ती म्हणाली. "गोऱ्ह्याची पाठ झाली."

पातं सुटलं तसे दोघांचे शब्दही सुटले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अबोला. जणू बोलणं ट्रॅक्टरलाच जोडलेलं होतं. पातं ठेवायचं कुठं, हाही प्रश्न आला. शेवटी पांदणीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली ठेवलं. ते ना त्यांच्या वावरात आहे, ना आमच्या.

मी कॉलेजला परत आलो. त्यानंतर शिबिरासाठी आम्ही परतवाड्यावरून धारणीकडे गेलो. जीप मेळघाटात शिरल्यावर सगळे गाणी म्हणत होते आणि मी रस्त्याच्या कडा बघत होतो. कुठं पाण्यानं रस्त्यातूनच आपली वाट काढली होती, कुठं कुणीतरी दगड लावून त्याला बाजूला नेलं होतं. मला वाटायला लागलं, वावर आणि रस्ता यांचे स्वभाव वेगळे आहेत. वावरानं आलेलं धरून ठेवायचं असतं, रस्त्यानं सोडून द्यायचं असतं. आम्ही माणसं धरून ठेवण्यात पटाईत. पाणी धरतो, जमीन धरतो, सडलेला सांभार इतकी वर्षं धरतो. सोडायचं कसं ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. शिकायचं तर बाजूला एक ओळ मोकळी ठेवावी लागते, आणि ती स्वतःच्या वावरातून द्यावी लागते. हे मी फार मोठं काही लिहितो आहे असं नाही. मला फक्त ती शेवंतीची उपटलेली रोपं आठवतात, आणि बाबांचे मातीचे हात.

या झडीला सुरुवात झाली त्या दिवशी घरचा फोन लागला होता. आई म्हणाली, "पाऊस हाय, वीज गेली," आणि आवाज तुटला. नंतर लागलाच नाही. इकडे अंतर्गत परीक्षा सुरू झाल्या. पेपर लिहिताना बाहेर पन्हाळीचा आवाज यायचा आणि मी उत्तराच्या मध्येच थांबायचो. बसस्टँडवर आमच्या बाजूचा एक ओळखीचा भेटला. म्हणाला, "नाला भरून चालून राहिला म्हणे तुमच्याकडं." मी पांदणीचं विचारलं. "ते नाही माहीत." मग माझ्या डोळ्यांसमोर फाट्यावरची ती भिंत यायची, आणि बल्लीला टांगलेली मोबाईलची कव्हरं, रंगीबेरंगी, वाऱ्यावर एकमेकांवर आपटणारी. ओसरीवर बसलेली आत्या. बाई की माणूस? नेला कोणीतरी.

आज दुपारी पेपर देऊन खोलीकडे येत होतो. अनोळखी नंबरवरून फोन आला. आधी नुसता ताडपत्रीवरचा पाऊस ऐकू आला, मग एका बसचा हॉर्न.

"हॅलो? कोण? ऐकू येते का रे? हॉटेलवाल्याच्या फोनवरून बोलून राहिली मी."

"आत्या!"

"हाव. पेपर कसे चालले? जेवतं ना बरोबर? इथं लाईन नाही. झेंडू भिजला थोडा, पण पांढऱ्या शेवंतीले मागणी हाय. अन् तुह्या बापाचं अन् वासुदेवभाऊचं सकाळीच वाजलं. नालीत कचरा कोणी टाकला म्हणून. आता तं थेट भांडतात, ढवळ्याची गरज नाही पडत."

"अन् पांदण?"

"हाय ना. बाभळीपाशी एका बाजूची कड खचली जराशी. झड उघडली का पातं फिरवा लागन, बोलले दोघंही." मग ती फोनपासून लांब गेली. कुणाला तरी म्हणत होती, "तो नका घेऊ, तो कालचा हाय. हा घ्या, ताजा. बारशाले ना?" पुन्हा जवळ आली. "हां, काय म्हणे?"

"म्हटलं, तुले फाट्यावर आणलं कोणी?"

"आणते कोण?" आत्या म्हणाली. "मीच आली."